मूल आपल्याजवळ बोलतं तेव्हा शाळेने काय करायचं? एका नव्या शिक्षिकेच्या प्रश्नाला उत्तर

जिल्हा परिषदेच्या शाळेत नुकत्याच रुजू झालेल्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: "तिसरीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आली. घरी राहणारे काका नको तिथे हात लावतात, असं म्हणाली. 'बाई, कोणाला सांगू नका' असंही म्हणाली. मुख्याध्यापक म्हणतात, आधी आई-वडिलांना बोलावून खातरजमा करू, मग समितीपुढे ठेवू. शाळेत तक्रारपेटी आहे, समिती आहे, कॅमेरेही लागलेत. मी नेमकं काय करू?"

आजच पोलिसांना कळवा. आई-वडिलांना बोलावण्याआधी आणि समितीची बैठक लावण्याआधी. खाली मी सविस्तर लिहिते आहे, पण ते वाचत बसायला वेळ नसेल तर आधी हे करा.

मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले आणि आता शिक्षकांची प्रशिक्षणं घेते. तुमचा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक प्रशिक्षणात कोणीतरी विचारतं, बहुतेकदा चहाच्या वेळी, बाजूला घेऊन, हळू आवाजात. म्हणून आज मोकळेपणाने आणि सगळ्यांसाठी लिहिते.

आधी कायदा. बालकांचं लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्याला आपण पोक्सो म्हणतो, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालचं प्रत्येक मूल त्यात येतं, मुलगा असो वा मुलगी. त्याचं कलम १९ सांगतं की असा गुन्हा घडल्याचं ज्याला समजलं, किंवा घडेल अशी ज्याला भीती वाटली, त्याने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला कळवलंच पाहिजे. शिक्षक, डॉक्टर, शेजारी, कोणीही असो. कळवलं नाही तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संशयित शाळेचाच कर्मचारी असेल आणि शाळेच्या प्रमुखाने दडवलं तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. आणि तुम्ही चांगल्या हेतूने कळवलंत, पुढे काही सिद्ध झालं नाही, तरी तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, हेही त्याच कलम १९ मध्ये आहे. हे शेवटचं आपल्या मुख्याध्यापकांना जरूर वाचून दाखवा. खातरजमेचा आग्रह बहुतेकदा या भीतीतून येतो.

खातरजमा करणं हे शाळेचं काम नाही, पोलिसांचं आहे. मुख्याध्यापकांना सांगितलं म्हणजे माझी जबाबदारी संपली, असंही नाही. कायद्यात 'कोणतीही व्यक्ती' म्हटलंय, म्हणजे तुम्ही वेगळ्या आणि सर वेगळे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात २०१९ मध्ये एका शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवरच्या अत्याचारांचं प्रकरण उघड झालं. त्या मुलींना तपासणाऱ्या डॉक्टरवर न कळवल्याचा गुन्हा नोंदला गेला. उच्च न्यायालयाने तो रद्द केला, पण नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा जिवंत केला आणि माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे असं बजावलं. बदलापूरमध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये पूर्वप्राथमिकच्या दोन चिमुरड्यांवर शाळेतच लैंगिक अत्याचार झाल्याचं प्रकरण घडलं, त्यात संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवरही माहिती न दिल्याबद्दल पोक्सोखाली गुन्हा दाखल झाला. 'शाळेची बदनामी होईल' म्हणून गप्प बसण्याचे दिवस कायद्याने कधीच संपवलेत.

प्रत्यक्षात असं करा. मुख्याध्यापकांना सांगा, "सर, मी आज ठाण्यात कळवते आहे, तुम्ही सोबत चला." परवानगी मागू नका, सोबत मागा. बहुतेक मुख्याध्यापक येतात. नाही आले तरी तुम्ही जा, सोबत एखादी शिक्षिका असली तर बरं. साध्या भाषेत अर्ज लिहा, दोन प्रतींत, आणि एका प्रतीवर पोच घ्या. पोलिसांनी तुमची माहिती लिहून घ्यायची असते, तिला नोंद क्रमांक द्यायचा असतो आणि लिहिलेलं तुम्हाला वाचून दाखवायचं असतं. '१०९८' ही मुलांची मदतवाहिनी चोवीस तास सुरू असते. घाबरून गेला असाल, ठाण्यात कोणी दाद देत नसेल, तर तिथे फोन करा. पण कायद्याने कळवायचं ते पोलिसांनाच, म्हणून नुसत्या १०९८ च्या फोनवर थांबू नका.

मुलीला ठाण्यात नेऊ नका. ते कायद्यालाही नको आहे. तिचा जबाब तिच्या घरी किंवा तिला बरं वाटेल अशा ठिकाणी घ्यायचा असतो, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशात न येता. आई-वडील किंवा तिचा विश्वास असलेलं कोणीतरी त्या वेळी जवळ असू शकतं. घर हेच धोक्याचं ठिकाण असेल, तर शाळेतली एखादी शांत खोली सुचवा. वैद्यकीय तपासणीसाठी मुलीला महिला डॉक्टरच हवी. घटना अगदी अलीकडची असेल तर पोलिसांना तसं स्पष्ट सांगा, कारण कपडे धुतले गेले, अंघोळ झाली की पुरावा जातो. दवाखान्याने तातडीच्या उपचारांसाठी आधी पोलिसांची कागदपत्रं मागायची नसतात.

आता, आई-वडिलांना आधी का बोलवायचं नाही? कारण तुमच्या प्रकरणात संशयित त्याच छपराखाली राहतो. संध्याकाळी पाच वाजता शाळेतून निरोप गेला की रात्री त्या घरात काय होईल याचा विचार करा. मुलीला दरडावलं जाईल, तिचं तोंड बंद केलं जाईल, दुसऱ्या दिवशी ती "मी खोटं बोलले" म्हणेल, किंवा आठवड्याभरात दाखला काढून तिला आजोळी धाडतील. आई वाईट असते म्हणून नव्हे. पुष्कळदा आई स्वतः त्या दिराच्या किंवा सासऱ्याच्या मिळकतीवर जगत असते. पालकांना कळायलाच हवं, पण ते पोलीस आणि बालकल्याण समितीच्या (ही मुलांच्या संरक्षणासाठीची सरकारी समिती, शाळेची नव्हे) सल्ल्याने, मुलीच्या सुरक्षिततेची सोय लागल्यावर. पोलिसांनी चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीला कळवायचं असतं, आणि मुलीला त्या घरात ठेवायचं की नाही याचा विचार ती समिती करते. संशयित घराबाहेरचा असेल तर मात्र पालकांना लगेच, त्याच दिवशी विश्वासात घ्या.

मुलीशी पुढे कसं बोलायचं, हे मला कायद्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. ती 'कोणाला सांगू नका' म्हणाली, तेव्हा 'नाही सांगणार' असं वचन तुम्ही दिलं नसेल अशी आशा आहे. दिलं असेल तर आज तिच्याशी पुन्हा बोला. "तुला त्रास होतोय तो थांबायला हवा. त्यासाठी मला दोन-तीन मोठ्या माणसांची मदत घ्यावी लागेल. त्यांना मी सांगणार आहे, वर्गात कोणाला कळणार नाही." एवढं पुरे. खोदून विचारू नका. "मग काय झालं?" आणि "अजून काही सांगायचंय?" हे दोनच प्रश्न माझ्या मते शिक्षकाने विचारावेत. "काकांनी चड्डीत हात घातला का?" असा प्रश्न विचारलात की उत्तर तुम्हीच तिच्या तोंडात घातलंत, आणि उद्या न्यायालयात बचावाचा वकील नेमकं हेच म्हणेल. "आधी का नाही सांगितलंस?" हा प्रश्न तर कधीच नको. आठ वर्षांच्या मुलीला त्यातून एकच गोष्ट ऐकू येते, की चूक तिची आहे.

ती गेल्यावर लगेच लिहून ठेवा. तारीख, वेळ, जागा, आजूबाजूला कोण होतं, आणि तिचे शब्द जसेच्या तसे. ती 'शूची जागा' म्हणाली असेल तर 'शूची जागा' असंच लिहा, तिथे 'गुप्तांग' लिहू नका. गावाकडच्या बोलीत बोलली असेल तर बोलीतच लिहा. तिचा चेहरा, हात, ती रडत होती की अगदी कोरडेपणाने सांगत होती, तेही लिहा. स्वतःचा अंदाज लिहायचा असेल तर वेगळ्या ओळीत, 'माझं मत' म्हणून. खाली सही. माझ्या अनुभवात शाळेतल्या साऱ्या सुरक्षा-कागदपत्रांत असं एक पानभर टिपण सगळ्यात जास्त कामाला येतं.

कॅमेरे, पेटी आणि समिती यांबद्दल. बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाने शासन निर्णय काढून शाळांना कॅमेरे, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी बंधनकारक केली. मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती तर मार्च २०२२ पासूनच शाळा, केंद्र आणि तालुका अशा तिन्ही पातळ्यांवर असायला हवी. हे सगळं हवंच. पण मी शाळेला भेट देते तेव्हा समितीचा फलक पाहून समाधान मानत नाही. मी विचारते, पेटीची किल्ली कोणाकडे आहे? पेटी टांगली कुठे आहे? बहुतेक ठिकाणी ती मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी असते, समोर शिपाई बसलेला. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चिठ्ठी टाकायला कोणती मुलगी जाईल? पेटी पाण्याच्या टाकीकडे किंवा जिन्याखाली लावा, जिथे मुलं तशीही एकेकटी जातात. ठरलेल्या वारी दोघा-तिघांनी मिळून उघडा, त्यात एक पालक असू द्या. निनावी चिठ्ठी आली तर ती कोणाच्या अक्षरातली आहे हे शोधत बसू नका. आणि परिपाठात अधूनमधून सांगा, "मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी बसत नाही अशी चिठ्ठी आली होती, कडी बसवली." लहान तक्रारीवर काही होतं हे दिसल्याशिवाय मोठी तक्रार पेटीत पडत नाही.

कॅमेऱ्याला व्हरांडा दिसतो. स्वच्छतागृहात कॅमेरा लावता येत नाही आणि लावूही नये. म्हणून माझा प्रश्न नेहमी हा असतो: बालवाडी आणि पहिलीच्या मुलींना शू-शीला कोण नेतं? बदलापूरचा आरोपी शाळेतला पुरुष सफाई कर्मचारी होता. तुमच्या शाळेत हे काम मदतनीस ताई करत असतील, तर त्या रजेवर असतात त्या दिवशी कोण करतं? हे नाव कागदावर लिहिलेलं हवं. पडताळणीचंही तसंच. पोक्सोच्या २०२० च्या नियमांनुसार शिक्षक, शिपाई, कंत्राटी माणसं, सगळ्यांचीच पडताळणी ठराविक काळाने करायची आहे. ती कराच. पण दाखला कोरा आहे याचा अर्थ त्या माणसाची पूर्वी कधी नोंद झाली नाही, एवढाच होतो. गाडीवाल्याबद्दलही विचारा. स्कूल बसचे २०११ चे राज्याचे नियम आहेत, त्यात प्रत्येक शाळेला परिवहन समिती आणि मुली असलेल्या बसला महिला मदतनीस सांगितली आहे. खेड्यांत मुलं वडापच्या जीपने येतात. ती जीप शाळेची नसेलही, पण सगळ्यात शेवटी कोणतं मूल उतरतं आणि त्याच्यासोबत कोण असतं, हे शाळेला माहीत असायला काय हरकत आहे?

मुलगे राहून जातात, तेवढं सांगते. २००७ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांत अभ्यास केला. त्यात ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं, आणि त्यांत मुलग्यांचं प्रमाण निम्म्याहून थोडं जास्तच होतं. तरी 'स्पर्शाचा तास' मुलींना वेगळं बसवून घेतला जातो आणि मुलगे मैदानावर असतात. तो तास दोघांनाही द्या. आणि 'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' एवढ्यावर भागवू नका. लाड करत, चॉकलेट देत केलेला स्पर्श मुलाला वाईट वाटतोच असं नाही. शरीराच्या कोणत्या भागांना डॉक्टर आणि आंघोळ घालणारी आई यांच्याखेरीज कोणी हात लावायचा नाही, आणि 'हे आपलं गुपित, आईला सांगू नको' असं मोठं माणूस म्हणालं की ते लगेच सांगायचं, हे शिकवा. 'ओरडायचं, पळायचं' यावर फार जोर देऊ नका. ज्याला ओरडता आलं नाही ते मूलही त्याच वर्गात बसलेलं असतं.

आता हजेरीबद्दल लिहिते, कारण मुलांचं भलं-बुरं मला सगळ्यात आधी तिथे दिसलं आहे. आमच्या शाळेत चौथीतला एक मुलगा दर आठवड्याला एकच दिवस गैरहजर असायचा. महिन्याच्या शेवटी आपण टक्केवारी काढतो, त्यात हे कळत नाही, कारण टक्केवारी चांगलीच येते. वर्गशिक्षिकेने रकाने आडवे न वाचता उभे वाचले, तेव्हा लक्षात आलं की तो गावच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी येत नाही. बाजारच्या दिवशी वडिलांच्या हाती पैसे यायचे, रात्री दारू, मारहाण, आणि सकाळी हा आईजवळ थांबायचा. तिला एकटं सोडायला घाबरायचा. हे बाईंना कळलं तेव्हा त्यांनी त्याला 'दांडी का मारलीस' म्हणणं सोडलं, अंगणवाडी ताईंना त्याच्या आईकडे पाठवलं, आणि त्या एका सकाळी त्याला उशिरा यायची मुभा दिली. त्याचं शाळेत येणं टिकलं.

अशा खुणा शाळेत रोज दिसतात. शाळा सुटली तरी घरी न जाता पुन्हा पुन्हा वर्ग झाडत राहणारी मुलगी. सोमवारी पोषण आहाराला तीन-तीनदा वाढून घेणारं मूल, म्हणजे रविवारी घरी काय शिजलं हे कळतं. उन्हाळ्यात लांब बाह्यांचा शर्ट. एका खुणेवरून निष्कर्ष काढू नका, पण वहीत टिपा. स्वयंपाकी ताईंना विचारा, त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. आरोग्य तपासणीचं पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून शाळेत येतं, तेव्हा नुसती वजन-उंची लिहून त्यांना वाटेला लावू नका. ज्या मुलांबद्दल शंका आहे ती नावं आधीच काढून ठेवा.

ऊसतोडीच्या पट्ट्यात असाल तर दिवाळीनंतरची हजेरी खास वाचा. मुकादमाकडून उचल घेऊन आई-वडील कारखान्यावर जातात. काही मुलं सोबत जातात, काही थकलेल्या आजीजवळ राहतात. जाणाऱ्यांना तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी पत्रक द्यायचं, मागे राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहाची मागणी वेळेत करायची, हे आपल्याला माहीत आहे. पण सातवी-आठवीतली मुलगी आजीजवळ राहिली की घरच्यांना तिची काळजी लागते आणि त्या काळजीपोटीच तिचं लग्न ठरतं. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. 'पाहुणे येऊन गेले' हे वर्गातल्या मैत्रिणींना सगळ्यात आधी कळतं. खेड्यात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. त्यांना आणि १०९८ ला लग्नाच्या आधी कळवायचं. हळद लागल्यावर गाव एक होतं आणि मुलगी एकटी पडते.

शिक्षेबद्दल एवढंच, की शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले आहेत. ज्या शाळेत छडी आणि 'ढ' म्हणणं चालू आहे, तिथे मूल काकांबद्दल सांगायला कोणत्या बाईंकडे जाईल? तुमच्याकडे ती मुलगी आली, यातच तुमच्याबद्दल बरंच काही कळतं.

तक्रार झाल्यावर शाळेचं काम वाढतं. मुलीचं नाव, घर, शाळा, काहीही कोणत्याही माध्यमातून बाहेर जाता कामा नये. पोक्सोच्या कलम २३ खाली तो गुन्हा आहे, आणि शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर 'आपल्याकडची केस' असा मजकूर टाकणंसुद्धा टाळा. पुढच्या काळात सोबतीसाठी बालकल्याण समिती साहाय्यक व्यक्ती नेमू शकते. नेमली नसेल तर तशी मागणी करा. समितीच्या शिफारशीने तातडीच्या गरजांसाठी मदत मिळू शकते आणि विशेष न्यायालय अंतरिम भरपाई देऊ शकतं, हेही मुलीच्या आईला कोणीतरी सांगायला हवं. वर्गात तिची जागा बदलू नका, तिला एकदम लाडावूही नका. तारखेला जावं लागलं तर तो दिवस तिच्या गैरहजेरीत धरून तिला ऐकवू नका, बुडलेली चाचणी पुन्हा घ्या. रोज सकाळी तिला एखादं लहान काम द्या, खडू आणायचं, फळा पुसायचा, म्हणजे कोणाला न कळता तुम्हाला तिचा चेहरा बघता येईल.

तुम्हाला झोप लागत नसेल तर १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. तो मुलांसाठी आहे तसा शिक्षकांसाठीही आहे.

आणि साक्षीची तयारी आजपासून ठेवा. न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलीची साक्ष नोंदवावी आणि खटला शक्यतो वर्षभरात संपवावा, असं कायदा म्हणतो. व्यवहारात जास्त वेळ लागतो. तोवर तुमची बदली दुसऱ्या तालुक्यात झालेली असेल. त्या टिपणाची आणि पोच घेतलेल्या अर्जाची प्रत शाळेच्या दप्तरात ठेवून जाऊ नका, स्वतःजवळ कुलपात ठेवा आणि बदलीबरोबर घेऊन जा. समन्स आलं की तारखेच्या आधी सरकारी वकिलांना भेटा, टिपण पुन्हा वाचा, आणि आठवत नसेल ते 'आठवत नाही' असंच सांगा.